दिवेलागणीची थंडी

लोकांच्या घरातली वीज वाचवणं हा आता माझा धंदा आहे. कुणाचं बिल फुगतं, कुणाच्या छताला काळी बुरशी येते, कुणाची एक खोली भट्टी असते आणि शेजारची शीतगृह, मग मला बोलावतात. अबू धाबी, दुबई, कधी पार खोर फक्कानपर्यंत. मी दारातून आत जातो न जातो तोच घरचे साहेब मोबाइलवर चालणारे दोन-तीन थर्मोस्टॅट दाखवतात आणि विचारतात, हा घेऊ की तो? मी म्हणतो, आधी दिवसभर घरात जे असतात त्यांच्याशी जरा बोलतो. तेव्हा बहुतेक साहेब हसतात. "अहो, तिला टेक्निकल काही कळत नाही. मला विचारा ना." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गिऱ्हाइकावर ओरडता येत नाही, म्हणून मी पाणी मागतो आणि अख्खा ग्लास सावकाश संपवतो. राग त्या माणसाचा नसतो. ते वाक्य मी स्वतः बोललेलो आहे.

२००८ची मंदी आली तेव्हा मी अबू धाबीतल्या एका कंत्राटदार कंपनीत एसीचा इंजिनियर होतो. इमारतीला केवढं यंत्र लागेल, थंड हवा कुठे सोडायची, गरम हवा कुठून परत ओढायची, हे कागदावर ठरवणारा माणूस. त्याआधीची काही वर्षं आम्ही नुसतं बांधत सुटलो होतो. दुबई मरीनाला काचेचे मनोरे उभे राहत होते. भर उन्हात काचेची पेटी ठेवायची आणि तिच्यात बर्फ भरत राहायचं, याला आम्ही प्रगती म्हणत होतो. मग पैसा आटला. ड्रॉइंगमधून सगळ्यात आधी काय गेलं, तर भिंतीत आणि छतात घालायचं इन्सुलेशन, कारण ते आत असतं, दिसत नाही. संगमरवर राहिला, कारंजं राहिलं. मी स्वतः लाल पेनानं ते इन्सुलेशन खोडलेलं आहे, खाली सही माझी आहे. मॅनेजर म्हणाला होता, "कस्टमर दीवार के अंदर थोड़ी झाँकेगा, यार." आम्ही सगळे हसलो होतो. नोकरी टिकली होती, त्या आनंदात आम्ही कशालाही हसलो असतो.

नोकरी टिकली, पण पगाराला कात्री लागली आणि तीन माणसांचं काम एकाच्या गळ्यात आलं. शहरातला फ्लॅट परवडेना. बरोबरच्या कितीतरी जणांनी बायकामुलांना विमानात बसवून दिलं आणि स्वतः बेडस्पेस घेतली, म्हणजे दहाजणांच्या खोलीत भाड्याची एक खाट. मी जोरात सांगत होतो, काहीही होवो, आम्ही तिघं एकत्र राहणार. बायको, मी आणि आमची अडीच वर्षांची मुलगी. मग कुणीतरी शहराबाहेरच्या खलिफा सिटीतल्या एका व्हिलाचा पत्ता दिला.

व्हिला म्हटलं की सांगलीला सासरेबुवांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल कोण जाणे. ते शेजारीपाजारी सांगत होते, जावई बंगल्यात राहायला गेले. बंगला होता खरा, एजंटने त्याचे सहा तुकडे केलेले होते. आमच्या वाट्याला तळमजल्यावरच्या दिवाणखान्याचा मागचा अर्धा भाग आला. मधे जिप्समची पोकळ भिंत, एका कोपऱ्यात शेगडी, आणि आत यायला मागचं दार, जिथे सगळ्या व्हिलाचे कचऱ्याचे डबे ठेवलेले असत. पुढच्या अर्ध्या भागात मुंबईचं एक कुटुंब होतं. नवरा-बायको दोघंही ऑफिसात जायचे, आणि घरी नवऱ्याची आई असायची. आम्ही त्यांना काकू म्हणायचो.

खोलीची दोन घरं झाली, पण एसी एकच राहिला. छतात एक यंत्र, त्यातून दोन्हीकडे गार हवा. ते यंत्र कधी चालू करायचं आणि कधी थांबवायचं हे ठरवणारा थर्मोस्टॅट काकूंच्या बाजूला, त्यांच्या मुख्य दाराला अगदी लागून, भिंतीवर. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्यांच्या मुलाने तो चोवीसवर ठेवला होता. मी म्हटलं, झकास, म्हणजे आपल्याकडेही चोवीस. एजंट म्हणाला, "फुल कूलिंग है, टेन्शन नहीं लेने का." आणि मी मान डोलावली. याच विषयातली पदवी घेतलेला माणूस मी, एजंटपुढे मान डोलावत होतो.

मुलीला खोकला लागला तो साधारण महिन्याभरात. आधी साधा, मग छातीत घुरघुर, मग धाप. डॉक्टरनी वाफेचं मशीन घ्यायला सांगितलं. "दोनशे दिरहम," बायको म्हणाली, आणि लगेच पुढे, "म्हणजे सव्वीसशे रुपये." घेतलं. मुलगी त्या मशीनच्या मास्कला घाबरायची. बायको तिला मांडीवर घट्ट धरून बसायची आणि स्वतः मास्क लावून दाखवायची. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग एक दिवसाआड. डॉक्टर म्हणाले, मुलीला एसीचा गारवा सोसत नाहीये, टेम्परेचर जास्त ठेवा. मी म्हटलं, चोवीस आहे, यापेक्षा जास्त काय ठेवणार? ते म्हणाले, मग बघा बुवा, काही मुलांना इथे जमत नाही.

मी घरी यायचो नऊ वाजता. साईटवरून ऑफिस, ऑफिसमधून घर. शुक्रवारची सुट्टी असली तरी दुपार टळली की आम्ही कॉर्निशला, समुद्रकाठी जायचो, तेवढीच पोरीला मोकळी हवा. म्हणजे त्या घरात मी एकही संध्याकाळ बघितली नव्हती. आणि मला ते घर पाठ आहे, असं माझं म्हणणं होतं.

एका रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, खोली तिन्हीसांजेला गार पडते."

"म्हणजे?"

"दिवसभर बरी असते. काकू दिवा लावतात ना, त्यांची घंटा ऐकू येते, दार उघडल्याचा आवाज येतो, आणि आपल्या छतातलं हे एसीचं झाकण घोंघावायला लागतं. मग इतकं गार पडतं, की मी हिला स्वेटर घालते. तास-दीड तास. तेवढ्यात ही खोकायला लागते."

काकू रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायच्या आणि मुख्य दार उघडं ठेवायच्या, लक्ष्मी घरात यावी म्हणून. आमच्याकडेही लहानपणी तेच होतं, त्यात नवल काही नव्हतं.

मी हातातला घास खाली ठेवला आणि तिला समजावून सांगितलं. किती शांतपणे सांगितलं ते आठवलं की आता अंगावर काटा येतो. म्हटलं, बाहेर चाळीस डिग्री आहे. दार उघडलं की गरम हवा आत येते. घर तापतं, गार होत नाही. ही फिजिक्सची गोष्ट आहे, तुला नाही कळणार. मग उठून माझं साईटवरचं थर्मामीटर आणलं, तिच्यासमोर धरलं. चोवीस पूर्णांक दोन. "बघ," म्हटलं. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

ती म्हणाली, "आत्ताचं नाही हो म्हणत मी."

दुसऱ्या दिवशी मी हा किस्सा ऑफिसात सांगितला. म्हटलं, आमच्या घरी लक्ष्मी येते ती बर्फाची लादी घेऊनच येते. इंजिनियर लोक पोट धरून हसले. तो विनोद माझ्या इतका आवडीचा झाला की नंतर मी तो घरीही केला, तिच्यासमोर. ती हसली नाही. मी म्हटलं, तुला विनोद कळत नाही.

तिनं मग स्वतःच उपाय सुरू केले. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती वेळा लिहायला लागली. सहा पन्नास, गार. सात दहा, खोकला. सात चाळीस, मशीन. मी ती पानं पाहिली होती. वाचली नव्हती. एकदा तिनं छतातल्या झाकणाला पुठ्ठा लावून वरून चिकटपट्टी मारली. मग त्या पुठ्ठ्यावर दव धरलं, पाणी ठिबकलं, छताला काळे ठिपके आले आणि मुलीची धाप दुप्पट झाली. तेव्हा मात्र मी ओरडलो. स्टुलावर चढून पुठ्ठा ओरबाडून काढला आणि म्हणालो, तुला टेक्निकल काही कळत नाही तर हात कशाला लावतेस? मुलगी दचकून रडायला लागली. बायकोनं ओला पुठ्ठा घडी करून बाहेरच्या डब्यात टाकला.

शेवटी ती म्हणाली, "काकूंच्या मुलाशी तुम्ही बोला ना. दार पाचच मिनिटं उघडं ठेवा म्हणावं. मी कशी सांगू? म्हाताऱ्या बाईला लक्ष्मीसाठी उघडलेलं दार लावा कसं म्हणू? तेही या मंदीच्या दिवसांत?"

मी म्हटलं, मी इंजिनियर आहे, त्या माणसाला जाऊन असलं काही सांगितलं तर तो मला वेड्यात काढेल.

मे महिन्यात मुलीला दोन दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ती घरी आली त्या आठवड्यात बायकोनं मला विचारलं नाही, सांगितलं. "मी हिला घेऊन सांगलीला जाते." मी भांडलो. मी काय काय बोललो ते लिहायची मला लाज वाटते. इतर लोकांनी बायकामुलांना पैशासाठी पाठवलं, तू मात्र हौसेनं चाललीस, असंही म्हणालो. एअरपोर्टवर मुलगी माझ्या खांद्यावर झोपलेली होती, तिच्या श्वासाची शिट्टी माझ्या कानात वाजत होती, आणि मला त्या शिट्टीचाही राग येत होता.

नियम असा होता, की फॅमिली व्हिसावरचं माणूस सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं, की व्हिसा बाद. माझ्या त्या पगारावर नवा फॅमिली व्हिसा मिळण्यासारखा नव्हता. म्हणजे नोव्हेंबरच्या आत त्या दोघी परत आल्या तर आमचं एकत्र घर राहणार होतं, नाहीतर नाही. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. फोनवर ती म्हणायची, मुलगी बरी आहे, अंगणात खेळते, मशीन कपाटात टाकलंय. मी म्हणायचो, मग या आता. ती म्हणायची, त्याच खोलीत?

ऑक्टोबरात कंपनीचं आणखी एक काम बंद पडलं आणि आम्हाला सांगण्यात आलं, की दुपारी चार वाजता घरी जात जा. कमी तास, अर्धा पगार. पहिल्या दिवशी साडेपाचला घरी आलो, चहा केला, गादीवर बसलो. उकडत होतं की बरं होतं, आठवत नाही. बाहेर अंधारायला लागलं. भिंतीपलीकडे घंटा वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं छतातलं झाकण घोंघावायला लागलं.

मी बसून राहिलो. दहा मिनिटांनी पाय गार पडले. वीस मिनिटांनी मी चादर अंगावर घेतली. मग उठून थर्मामीटर काढलं. एकोणीस. जरा वेळानं अठरा. हवा नुसती गार नव्हती, दमट आणि बोचरी होती, थेट त्या जागेवर पडत होती जिथे मुलीची गादी असायची.

मी अनवाणीच बाहेर पडलो. कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून पुढे गेलो. काकूंचं दार सताड उघडं. आत निरांजन तेवत होतं, काकू पाटावर बसून स्तोत्र म्हणत होत्या. बाहेरची वाफाळ हवा त्यांच्या घरात शिरत होती, आणि दारापासून हातभर अंतरावर तो थर्मोस्टॅट त्या हवेत न्हात होता. आकडा होता एकतीस. त्याला वाटत होतं, अख्खं घर एकतीस डिग्रीवर तापलंय. म्हणून तो यंत्राला सांगत होता, सोड गारवा, आणखी सोड. काकूंच्या बाजूचा गारवा दारातून रस्त्यावर जात होता. आमच्या बाजूला दार बंद, खिडकी बंद, सगळा गारवा आत कोंडलेला. पुढचं दार उघडलं, की मागची खोली गोठत होती. हे समजायला मला एक मिनिटही लागलं नाही. दहावीच्या पोराला समजलं असतं. माझ्या बायकोला फिजिक्स न शिकता समजलं होतं.

आणि तेव्हा मी काय केलं, तर काकूंवर ओरडलो. निरांजन तेवत असताना, उंबऱ्यावर उभा राहून. तुमच्या या दारापायी माझी मुलगी हॉस्पिटलात गेली, माझा संसार उठला, असं बोललो. काकूंचं स्तोत्र थांबलं. त्या बिचाऱ्या पाटावरून उठल्या.

"मला कुणी सांगितलंच नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "आधी मी पाचच मिनिटं उघडं ठेवायचे. मुलाचा पगार कापला, मग म्हटलं, नोकरी तरी राहू दे बाई याची, म्हणून स्तोत्र पुरं होईपर्यंत ठेवायला लागले. तू नाहीतर तुझी बायको एक शब्द बोलला असतात, तर मी देवच आतल्या बाजूला मांडले असते. पोरीपेक्षा जास्त आहे का काही?"

त्यांनी माझ्यादेखत दार लावलं. मला चीड आली ती त्यांच्या चांगुलपणाची. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वरातीमागून घोडं म्हणतात तसं मग सगळं झालं. आमच्या साईटवर रत्नागिरीकडचा एक टेक्निशियन होता, त्याला शुक्रवारी बोलावलं. त्यानं थर्मोस्टॅटची वायर लांबवून तो दारापासून दूर, आतल्या भिंतीवर नेला, जिप्समच्या भिंतीत वरच्या बाजूला आरपार भोक पाडून जाळी बसवली, म्हणजे दोन्ही घरांतली हवा एक राहील. आमच्याकडच्या झाकणाची तोंडं गादीपासून वळवली. चहाच्या दोन कपांत काम संपलं. हातांवरची धूळ झटकत त्यानं विचारलं, "साहेब, वहिनी हतं होत्या तेव्हाच का नाय बोलावलंत?" मी त्याला म्हटलं, तुला उशीर होतोय, बस चुकेल.

मी बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. एकतीसचा आकडा, अठराचा आकडा, वायर, जाळी. म्हटलं, खलास, प्रॉब्लेम संपला, तिकिटं काढतो. अजून तीन आठवडे हातात आहेत.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "काकूंवर ओरडलात?"

"हो. मग काय करणार?"

"मी इतकं सांगत होते तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडलात. आता मी खरी ठरले, तर काकूंवर ओरडलात." ती रडत नव्हती. आवाज अगदी साधा होता, भाजी काय करू विचारावं तसा. "खोली दुरुस्त झाली, बरं झालं. पण उद्या मी हिच्याबद्दल दुसरं काही सांगितलं, तर तुम्ही ते ऐकाल, हे मी कशावरून धरू? इथे हिला धाप लागली तर आई ऐकते, डॉक्टर ऐकतात. तिथे फक्त तुम्ही आहात."

मी म्हटलं, थांब, तुला पटवून देतो.

आणि मी पटवून द्यायला बसलो. ऑफिसातून तापमान आपोआप टिपून ठेवणारी डबी आणली, मुलीची गादी असायची त्या जागी ठेवली. सात दिवस, दर दहा मिनिटांनी एक आकडा. काकूंना मुद्दाम विनंती करून दोन दिवस दार अर्धा तास उघडं ठेवायला लावलं, तरी आमची खोली तेवीसच्या खाली गेली नाही. त्याचा आलेख काढला. जुनी रेघ लाल, नवी हिरवी. जुन्या रेघेला माझ्याकडे आकडे नव्हते, म्हणून तिच्याच दिनदर्शिकेच्या पानांवरून वेळा घेतल्या, तेव्हा ती पानं मी पहिल्यांदा वाचली. एकूण त्रेचाळीस संध्याकाळी होत्या. खाली एक तळटीपही टाकली, मोजमापात किती फरक असू शकतो त्याची. तसा नीटस रिपोर्ट मी आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला दिलेला नाही. तो मी तिच्या भावाच्या ईमेलवर पाठवला आणि वर लिहिलं, आता तरी विश्वास बसेल.

माझी चूक झाली, हे तीन शब्द त्या मेलमध्ये कुठेही नव्हते. ते मला सुचलेच नाहीत. मला वाटलं, आलेखातच आलं सगळं.

भावानं कळवलं, ताईला प्रिंट काढून दिलाय. मी वाट पाहिली. खोली संध्याकाळभर चोवीसवर स्थिर होती. तिचं उत्तर आलं नाही, आणि नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी त्या दोघींचा व्हिसा संपला.